ग्रीन कार्डाच्या प्रतीक्षेत ईएडी हाती आले, तरी एच-१बी सोडावा का?

दूरदेशी (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणाची पाळी आली हे दर महिन्याला सांगणारे अमेरिकी सरकारचे पत्रक) भारतीयांसाठी ईबी-३ ची (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची तिसरी श्रेणी) अर्ज दाखल करण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये उतरून, ऐन करोनाच्या काळात वैद्यकीय तपासण्या उरकून, सहकुटुंब आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटच्या टप्प्यातला अर्ज) दाखल केला. पुढे तारखा मागे सरकल्या आणि बऱ्याच जणांचे ग्रीन कार्ड तिथेच अडकले. हाती राहिल्या त्या दोन गोष्टी : नोकरी करण्याची मुभा देणारे ईएडी आणि देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा देणारा ॲडव्हान्स परोल.

मी नोकरी करतो त्या कंपनीच्या कायदेविषयक विभागाने अलीकडे असे कळवले आहे की, ज्या कर्मचाऱ्यांकडे वैध ईएडी आहे त्यांच्या एच-१बीची (कंपनीच्या याचिकेवर मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा) मुदत यापुढे वाढवली जाणार नाही. वकिलाची फी वाचते आणि सरकारी शुल्क वाचते, हे कंपनीचे गणित मला समजते. परंतु हा निर्णय ज्यांच्यावर लादला जातो आहे त्यांना त्यातली जोखीम कोणीही समजावून सांगितलेली नाही, आणि आमच्या ओळखीतल्या तीन-चार कुटुंबांनी तर 'कटकट गेली' असे म्हणून तो आनंदाने स्वीकारला आहे. म्हणून हा धागा काढतो आहे. मी वकील नाही. आपापल्या प्रकरणात आपापल्या वकिलाला विचारूनच पाऊल उचलावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला शक्य आहे त्याने ग्रीन कार्ड प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत एच-१बी सोडू नये, आणि कंपनी सोडायला लावत असेल तर निदान लेखी विनंती करून, वकिलामार्फत आपली बाजू मांडून पाहावी.

ईएडी हे काम करण्याचे परवानगीपत्र आहे. त्याच्यावर 'कॅटेगरी'पुढे सी०९ छापलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की या व्यक्तीचा आय-४८५ प्रलंबित आहे आणि तोवर तिला कोणाकडेही काम करता येईल. जोवर तो अर्ज जिवंत आहे तोवर या देशातले आपले राहणेही अधिकृत मानले जाते. पण त्या राहण्याला एच-१बीसारखा स्वतंत्र दर्जा नसतो, ते सर्वस्वी त्या एका अर्जावर टेकलेले असते. उद्या काही कारणाने तो अर्ज नाकारला गेला (आणि कारणे कधीकधी फार किरकोळ असतात : पुरावे मागणारे पत्र जुन्या पत्त्यावर गेले, एखादे उत्तर मुदतीत पोहोचले नाही), तर एच-१बी टिकवलेला माणूस दुसऱ्या दिवशीही कामावर जातो आणि शांतपणे फेरविचाराचा अर्ज करतो. केवळ ईएडीवर असलेल्या माणसाची नोकरीही जाते आणि बेकायदा वास्तव्याचे दिवसही मोजले जाऊ लागतात. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अर्ज नाकारल्यावर ज्याच्याजवळ दुसरा कुठलाही दर्जा उरत नाही, त्याला इमिग्रेशन न्यायालयात हजर होण्याची नोटीसही काढली जाऊ शकते. पूर्वी ही भीती बरीचशी पुस्तकी होती, आता ती तशी राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट नूतनीकरणाची, आणि खरे तर याच गोष्टीमुळे हा विषय आज तातडीचा झाला आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पूर्वी वेळेत नूतनीकरणाचा अर्ज केला की जुने कार्ड संपले तरी सी०९ वाल्यांना ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळत असे. पावती आणि जुने कार्ड एकत्र दाखवले की कंपनीचे समाधान होई. त्या दिवशी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या अर्जांना ही आपोआप मुदतवाढ नाही. नवे कार्ड आले नाही तर जुन्या कार्डावरच्या तारखेला काम थांबते. पाठोपाठ ५ डिसेंबर २०२५ पासून प्रलंबित किंवा नव्याने आलेल्या सी०९ अर्जांवर मिळणाऱ्या कार्डाची कमाल मुदत पाच वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणली गेली. ज्यांचे पाच वर्षांचे कार्ड आधीच छापून आले आहे त्यांचे कार्ड त्यावरच्या तारखेपर्यंत चालेल, पण पुढच्या वेळी त्यांनाही अठरा महिनेच मिळतील. साधारणपणे नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी १८० दिवसांच्या आत करायचा असतो, म्हणजे कार्ड हाती आल्यावर वर्षभरातच पुढच्या अर्जाची तयारी सुरू करावी लागेल, आणि प्रत्येक वेळी कार्ड वेळेत येईल की नाही ही धास्ती नव्याने.

याउलट एच-१बीचे पाहा. त्याच कंपनीने मुदत संपण्यापूर्वी एक्स्टेन्शनचा अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येते. शिवाय जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेता येते आणि पंधरा कामकाजी दिवसांत कार्यवाही होते. सी०९ ईएडीला अशी सोयच नाही, कितीही पैसे भरायची तयारी असली तरी. ज्याचा आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका) मंजूर आहे आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली त्याची तारीख, आलेली नाही, त्याला सहा वर्षांच्या मर्यादेनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. २००० सालच्या एसी-२१ कायद्याने दिलेली ही सवलत आजही शाबूत आहे.

आणि परतीच्या वाटेचा विचार कोणी करत नाही. एच-१बी संपू दिला आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावासा वाटला, तर पुन्हा एच-१बीच्या लॉटरीतून जावे लागत नाही हे खरे. परंतु देशातल्या देशात दर्जा बदलून मागण्यासाठी आधी कुठलातरी चालू दर्जा असावा लागतो, आणि तोच आपण सोडलेला असतो. मग याचिका मंजूर करून घेऊन बाहेर जाणे आणि दूतावासातून व्हिसा घेऊन येणे, हाच मार्ग उरतो. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने एच-१बी याचिकांवर लावलेले एक लाख डॉलर देशात राहून मुदत वाढवणाऱ्यांना लागू नाहीत, हे नंतर स्पष्ट करण्यात आले. पण देशाबाहेरून व्हिसा घेऊन येण्यासाठी केलेल्या नव्या याचिकांना ते लागू होतात. जी कंपनी आज एक्स्टेन्शनची फी वाचवते आहे ती उद्या हा भार उचलेल, असे मला वाटत नाही.

आपले अनुभव आणि मतभेद, दोन्ही अवश्य लिहा.

मोगरा (टेक्सास)

दूरदेशी, लेख फार मुद्देसूद आहे आणि एच-१बी असलेल्यांसाठी सल्ला योग्यच आहे. पण आमच्यासारख्यांचे काय, हा प्रश्न वाचताना सतत मनात येत होता. मी एच-४ वर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा दर्जा) आहे. माझ्याखाली धरून ठेवायला एच-१बी नाहीच. ईएडी हाच माझा काम करण्याचा एकमेव आधार आहे, आणि आमची प्रायॉरिटी डेट २०१६ ची असल्यामुळे आम्हाला अजून आय-४८५ सुद्धा दाखल करता आलेला नाही.

मी सार्वजनिक शाळेत गणित शिकवते. २६ मे २०१५ पासून, पतीचा किंवा पत्नीचा आय-१४० मंजूर असेल तर एच-४ धारकाला ईएडी मागता येऊ लागले, त्या नियमामुळेच मला हे काम करता आले. त्या नियमाविरुद्धचा खटला तब्बल दहा वर्षे चालला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला तेव्हा आमच्यासारख्या हजारो घरांतून सुटकेचा निःश्वास टाकला गेला. परंतु नियम टिकला तरी कार्ड वेळेत यावे लागते.

एच-४ ची अडचण वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यावी, कारण नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींना ती कोणी सांगत नाही. एच-४ ईएडीची मुदत एच-४ च्या मुदतीला बांधलेली असते. आपोआप मुदतवाढ होती तेव्हासुद्धा ती आय-९४ (देशात कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद) वरच्या तारखेपर्यंतच मिळे, आणि बहुतेकींच्या बाबतीत आय-९४ आणि ईएडी एकाच दिवशी संपत असल्यामुळे ती सवलत आम्हाला कागदावरच राही. जानेवारी २०२३ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दोन वर्षे पतीच्या एच-१बीबरोबर एच-४ आणि ईएडीचे अर्ज एकत्र निकाली निघत होते, आणि प्रीमियम भरले की तिन्ही मंजुऱ्या पाठोपाठ येत. ती मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली.

माझे कार्ड शालेय वर्षाच्या मध्यावर संपले. नवे आले नव्हते. मुख्याध्यापिका अतिशय चांगल्या आहेत, पण त्यांचाही नाइलाज होता, कारण मुदत संपल्यानंतर एक दिवस जरी वर्गात उभे राहू दिले तरी तो शाळेकडून कायद्याचा भंग ठरतो. त्या शुक्रवारी मी वर्गाची किल्ली, प्रोजेक्टरचा रिमोट आणि बदली शिक्षिकेसाठी लिहून ठेवलेले पुढच्या सहा आठवड्यांचे पाठनियोजन कार्यालयात जमा केले. अपूर्णांकांचा भागाकार अर्ध्यावर राहिला होता. मुलांना काय सांगायचे, हे मला कळत नव्हते. 'टीचर आजारी आहेत का?' असे एका मुलाने विचारले, त्याला मी नाही म्हणून सांगितले आणि पुढे काही बोलता आले नाही. पगार थांबला, आणि आमचा आरोग्यविमा माझ्या नोकरीवर असल्यामुळे तोही घाईघाईने पतीच्या कंपनीकडे वळवावा लागला.

हे लिहिण्याचे कारण असे की, 'पतीने एच-१बी टिकवावा' हा सल्ला केवळ पतीपुरता नसतो. ज्यांचा आय-४८५ दाखल झाला आहे अशा घरात मुख्य अर्जदाराने एच-१बी सोडला की पत्नीचा आणि मुलांचा एच-४ त्याच क्षणी संपतो. ज्या घरात मुलीचा किंवा मुलाचा अर्ज अजून दाखलच झालेला नाही, किंवा अर्ज दाखल झाल्यानंतर लग्न झाले आहे, तिथे तर हा निर्णय मुलांना किंवा जोडीदाराला देशाबाहेर घालवू शकतो. कंपनीच्या पत्रात याचा उल्लेख असतो का?

दूरदेशी (न्यू जर्सी)

मोगराताई, आमच्या कंपनीच्या पत्रात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आपण लिहिलेला मुद्दा धाग्याच्या मुळाशी आहे, कारण कंपनीचा करार एका माणसाशी असतो आणि त्या माणसाच्या कागदावर चार जणांचे राहणे उभे असते. आपल्याला पुढच्या वेळेसाठी एक उपयोगी पडेल असे सांगतो. एच-१बी एक्स्टेन्शनचा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी करता येतो. तो पहिल्याच दिवशी प्रीमियमने करून घेण्याचा आग्रह पतीच्या कंपनीकडे धरा. मंजुरी आली आणि त्या दरम्यान तुमचे भारतात जाणे झाले, तर परत येताना नव्या मंजुरीवर नवे आय-९४ मिळते, आणि मग एच-४ चा वेगळा निर्णय होईपर्यंत थांबावे न लागता ईएडीचा अर्ज पुढे सरकू शकतो. अर्थात डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांची समाजमाध्यमे तपासण्याचा नियम आल्यानंतर भारतातल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या आहेत. त्यामुळे ज्यांच्या पासपोर्टवर चालू व्हिसाचा स्टॅम्प आहे त्यांनीच हा मार्ग विचारात घ्यावा.

एल-२ वरच्या जोडीदारांना (कंपनीने बदली करून आणलेल्या एल-१ कर्मचाऱ्यांचे पती-पत्नी) नोव्हेंबर २०२१ पासून स्वतंत्र ईएडीची गरज उरलेली नाही, आय-९४ वर एल-२एस असले की पुरे. हेच एच-४ ला लागू करण्यात काय अडचण आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

जुनाजाणता (इलिनॉय)

आपण सर्वांनी लिहिलेले वाचले. मी या रांगेतून बाहेर पडून बरीच वर्षे झाली, पण थोडा मागचा इतिहास सांगितल्याशिवाय आजच्या बदलांचे वजन लक्षात येणार नाही.

रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाला १ लाख ४० हजार ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली आहे. तिच्यात अर्जदाराबरोबर त्याचे कुटुंबीयही मोजले जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक नाहीत. त्या वेळी भारतातून येणाऱ्या अभियंत्यांची संख्या एवढी वाढेल, याचा अंदाज कोणालाही नव्हता. प्रतीक्षेतले काम-परवाने ही तर काही महिन्यांच्या अंतरासाठी केलेली सोय होती. अर्ज आणि कार्ड यांच्यामध्ये जेवढा वेळ जाईल तेवढ्यापुरती. आज त्याच सोयीवर माणसे आपली निम्मी कारकीर्द काढत आहेत, घरे घेत आहेत, मुले कॉलेजात पाठवत आहेत. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

जुलै २००७ मध्ये काय घडले, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. जुलैच्या बुलेटिनमध्ये रोजगाराच्या जवळजवळ सर्व श्रेणी 'करंट' झाल्या, म्हणजे रांगेतल्या कोणालाही लगेच अर्ज करता येणार होता. लोकांनी विमानाची तिकिटे रद्द केली, डॉक्टरांच्या दारात रांगा लावल्या, गावाहून जन्मदाखले मागवले. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नव्हते, केवळ 'मुलगा' अशी नोंद होती. वडिलांनी तालुक्याच्या गावी खेटे घालून दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे तयार करून कुरियरने पाठवली. आणि २ जुलैला जाहीर झाले की व्हिसा संपले, एकही अर्ज घेतला जाणार नाही. त्यावर आपल्या भारतीय मंडळींनी दगड उचलला नाही. इमिग्रेशन विभागाचे तत्कालीन संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात देशभरातून फुलांचे गुच्छ पाठवले, १० जुलैला ते पोहोचले. त्यांनी ती फुले वॉल्टर रीड इथल्या सैनिकी रुग्णालयातल्या जखमी जवानांकडे पाठवून दिली. आमच्यात तिला गांधीगिरी असेच म्हणत. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. आम्हाला ईएडी मिळाले ते त्यामुळे.

तेव्हाचे कार्ड एक वर्षाचे असे. जून २००८ च्या अखेरीस ते दोन वर्षांचे झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांचे. आता अठरा महिने. म्हणजे २००८ मध्ये मिळालेल्या दोन वर्षांच्याही मागे आपण गेलो.

पण खरा घाव दुसरीकडे आहे आणि त्याची चर्चा मला कुठेच दिसत नाही. आमच्या काळी नियमच असा होता की ईएडीच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यायचा, आणि नाही दिला तर तात्पुरते ईएडी द्यायचे. जानेवारी २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमाने ही ९० दिवसांची हमी काढून टाकली. तिच्या बदल्यात नूतनीकरणाला १८० दिवसांची आपोआप मुदतवाढ दिली गेली, आणि विलंब वाढत गेला तशी ती ५४० दिवसांची झाली. तो एक प्रकारचा सौदा होता : विभागाला वेळेचे बंधन नको, मग विलंबाचा फटका अर्जदाराला बसणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुदतवाढ काढून घेतली, पण ९० दिवसांची हमी परत आली नाही. वारंवार पार्श्वभूमी तपासता यावी, असे कारण सांगितले गेले. तपासणी अवश्य करावी, तिला कोणाचाच विरोध नाही. परंतु तपासणीला लागणारा वेळ विभागाच्या हातात आणि तिचा खर्च शिक्षिकेच्या पगारातून, हे न्याय्य नाही. कोणी आपल्या खासदाराला पत्र लिहिणार असेल तर ग्रीन कार्डांची संख्या वाढवा, अशी मागणी करण्याआधी ही ९० दिवसांची मागणी करावी. देशागणिक मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत होऊनही आणि डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा संमत करूनही कायदा झाला नाही, हे आपण पाहिले आहे. ९० दिवसांच्या हमीला मात्र नव्या कायद्याची गरज नाही, नियमात दुरुस्ती पुरते.

बेएरियावासी

धाग्याचा सूर थोडा एकांगी होतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दूरदेशींच्या मताचा आदर आहे, पण ईएडीने मला वाचवले आहे.

आमच्या कंपनीत कपात झाली तेव्हा माझ्याबरोबर एकाच सकाळी काढलेल्यांत दोघे मराठी होते. तिघेही एच-१बीवर. माझा आय-४८५ दाखल होऊन १८० दिवसांहून अधिक काळ लोटला होता, त्यांचा दाखलच झाला नव्हता. त्यांना साठ दिवसांच्या आत नवी कंपनी, नवी याचिका, नाहीतर परतीची तिकिटे. त्यांतल्या एकाने मुलीची शाळा अर्धवट सोडून पुणे गाठले. मी चार महिने घरी बसून, नीट विचार करून नोकरी शोधली आणि एका छोट्या कंपनीत रुजू झालो. त्या कंपनीने आजवर कुणाचीही एच-१बी याचिका केली नव्हती आणि माझ्यासाठीही तिने केली नसती. काम 'त्याच किंवा तत्सम' स्वरूपाचे असल्याचे दाखवणारा आय-४८५ चा सप्लिमेंट-जे अर्ज भरला, आणि जुना आय-१४० तसाच लागू राहिला.

एच-१बी म्हणजे सुरक्षितता, हे अर्धे सत्य आहे. एच-१बी मालकाच्या मर्जीवर असतो. वरिष्ठांनी रात्री दहाला फोन केला तरी आपण उचलतो, त्याचे कारण कित्येकदा कामाची निष्ठा नसून व्हिसा असतो. ईएडीवर गेल्यावर मी पहिल्यांदा पगारावर घासाघीस केली. त्यामुळे ज्यांच्या घरात दुसरी व्यक्तीही कमावती आहे, ज्यांचा अर्ज निर्दोष आहे आणि ज्यांना नोकरी बदलायची आहे, त्यांनी केवळ भीतीपोटी एच-१बीला चिकटून राहू नये.

दूरदेशी (न्यू जर्सी)

आपला अनुभव मोलाचा आहे आणि त्याच्याशी माझा विरोध नाही. नोकरी गेली, किंवा एच-१बी न देणारी चांगली संधी आली, तर ईएडी वापरावेच, ते त्याचसाठी आहे. माझे म्हणणे नोकरी आहे तिथेच चालू असताना, केवळ कंपनीची फी वाचावी म्हणून एच-१बी मरू देण्याबद्दल आहे. तुमच्याजवळ संकटाच्या दिवशी दोन्ही होते, म्हणून तुम्हाला चार महिने विचार करायला मिळाले. ज्याने एच-१बी आधीच सोडला आहे आणि ज्याचे अठरा महिन्यांचे कार्ड संपत आले आहे, त्याला त्याच सकाळी काढले असते तर?

सह्यकडा (नॉर्थ कॅरोलायना)

एक व्यावहारिक शंका आहे. माझे सी०९ कार्ड येत्या काही महिन्यांत संपते आहे आणि मी एच-१बीवर नाही. मुदत संपल्यावर नवे कार्ड येईपर्यंत घरून, बिनपगारी काम करत राहिले तर चालेल का? आमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिले की १८० दिवसांपर्यंत माफ असते.

जुनाजाणता (इलिनॉय)

सह्यकडा, कृपया असे करू नका. आपण म्हणता ती तरतूद २४५(के) या कलमातली आहे. रोजगारावर आधारित अर्जदाराने शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर एकूण १८० दिवसांपर्यंत विनापरवाना काम केले किंवा दर्जा मोडला, तर केवळ त्या कारणासाठी त्याचा आय-४८५ अपात्र ठरत नाही, एवढेच ते कलम सांगते. त्याने विनापरवाना काम करण्याची मुभा मिळत नाही. ती ज्याच्याकडून अनवधानाने चूक झाली त्याच्यासाठीची शेवटची ढाल आहे. ठरवून तिच्या आड जाऊ नये. शिवाय मालकाची जबाबदारी वेगळीच : आय-९ फॉर्मची (कर्मचाऱ्याला काम करण्याची परवानगी असल्याची मालकाने ठेवायची नोंद) फेरतपासणी कार्डाच्या मुदतीपर्यंत करणे त्याच्यावर बंधनकारक असते. पगार न घेता केलेले कामही कामच ठरू शकते, लॅपटॉप उघडून ईमेलला उत्तर दिले तरी.

त्याऐवजी आजच एचआरशी बोला. कार्ड न आल्यास बिनपगारी रजेवर ठेवतील की नोकरी संपवतील, विमा त्या काळात चालू राहील का, हे लेखी घ्या. १८० दिवसांची खिडकी उघडली असेल तर एक दिवसही न दवडता अर्ज करा. तुमचा आय-४८५ जुलै २००७ च्या अखेरीनंतर आणि १ एप्रिल २०२४ पूर्वी शुल्क भरून दाखल झाला असेल तर नूतनीकरणाला शुल्क लागत नाही. त्यानंतरच्या अर्जदारांना एप्रिल २०२४ च्या दरांनुसार २६० डॉलर लागतात. चुकीच्या शुल्कामुळे अर्ज परत येतो आणि त्यात आठवडे जातात, म्हणून हे तपासून घ्यावे. एक महिना उरला असताना कार्ड आले नसेल तर आपल्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात जाऊन चौकशीचा अर्ज भरून द्या. मत देण्याचा हक्क नसला तरी त्या मतदारसंघात राहणाऱ्यांची कामे ते कार्यालय पाहते.

ओवी (व्हर्जिनिया)

आमचा आय-४८५ ऑक्टोबर २०२० च्याच लाटेतला आहे, पतीने एच-१बी टिकवून ठेवला आहे. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्याकडेही सी०९ ईएडी आहे आणि त्याला उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची आहे. त्याने ईएडी वापरले तर त्याचा एच-४ जाईल ना? आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुलांच्या वयाच्या नियमात काही बदल झाला, तो आम्हाला लागू होतो का?

दूरदेशी (न्यू जर्सी)

ओवीताई, होय, ईएडीवर पगारी काम केले की त्याचा एच-४ संपतो आणि तो केवळ प्रलंबित अर्जाच्या आधारावर राहतो. पण एकविसाव्या वाढदिवसाला त्याचा एच-४ तसाही संपणारच आहे, त्यामुळे मोठ्यांना लागू होणारा माझा वरचा सल्ला त्याला तितकासा लागू नाही. खरा प्रश्न त्याचे वय गोठले आहे की नाही, म्हणजे एकविशी उलटली तरी तो अर्जात मूल म्हणूनच धरला जाईल की नाही, हा आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासूनचा बदल असा की, त्या दिवशी किंवा नंतर दाखल होणाऱ्या अर्जांत मुलाचे वय व्हिसा बुलेटिनमधल्या अंतिम कारवाईच्या तक्त्यावरून मोजले जाईल, अर्ज दाखल करण्याच्या तक्त्यावरून नाही. त्यापूर्वीच प्रलंबित असलेल्या अर्जांना फेब्रुवारी २०२३ चे जुने, उदार धोरण लागू राहते. आपला अर्ज २०२० च्या लाटेतला असल्यामुळे त्याचे वय तेव्हाच, म्हणजे चौदाच्या आसपास, गोठलेले असायला हवे. वकिलाकडून हे तारखांसह ईमेलवर लिहून घ्या : आय-१४० कधी दाखल झाला, कधी मंजूर झाला, मुलाचा आय-४८५ कोणत्या दिवशी पोहोचला. ते उत्तर हाती आले की त्याला इंटर्नशिप खुशाल करू द्या. त्याच्या कार्डाची मुदत इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवसाच्या पुढे जाते आहे ना, हे मात्र ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी पाहून घ्या.